पाळकाला ‘अरे’ कोण म्हणणार?

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्या चर्चमध्ये बारा ते तीन अशी तीन तासांची उपासना असते. येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जणांनी बोलायचं असा रिवाज आहे, पण चार वर्षांपूर्वी तिघांनी ऐन वेळी अंग काढून घेतलं आणि चार उद्गार एकट्या पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, गळ्यात पडले. बाहेर एप्रिलचं ऊन, आत कुरकुरणारे जुने पंखे, अंगात गळाबंद झगा आणि पोटात सकाळपासून काही नाही. पाचव्या उद्गाराला त्यांची जीभ जड होत चालल्याचं मला पहिल्या बाकावर ऐकू येत होतं. मला वाटलं, गहिवरले असतील. मग त्यांनी पुलपिटची (उपदेशाच्या व्यासपीठाची) कड दोन्ही हातांनी धरली, कपाळावरून घामाच्या धारा लागल्या, आणि दोरीवरचं धुणं घसरावं तसे ते सावकाश खाली बसले. पाचवा उद्गार म्हणजे ‘मला तहान लागली आहे’. त्यांच्यासमोर पाण्याचा पेला नव्हता. उपासाच्या दिवशी पुलपिटवर पेला बरा दिसत नाही, असं कमिटीच्या बैठकीत ठरलं होतं. त्या बैठकीचं इतिवृत्त मीच लिहिलं होतं, कारण तेव्हा सेक्रेटरी मी होतो.

पूर्ण शुद्ध हरपली नव्हती हे नशीब. मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, एका सिस्टरनं (नर्स, नन नव्हे) चमच्याचमच्यानं साखरपाणी पाजलं, पर्समधलं यंत्र काढून बोटाला सुई टोचली. आकडा आला 48. दवाखान्यात उलगडा झाला तो असा, की पाळकसाहेबांना तीन वर्षांपासून मधुमेह होता. स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी गोळी ते रोज घेत, तशी त्या दिवशीही उपाशीपोटी घेतली होती. अशी गोळी घेऊन जेवण चुकवलं की साखर कोसळते, हे कुठलाही डॉक्टर एका वाक्यात सांगेल. आमच्या मंडळीत डॉक्टर तीन. तिघांनाही पाळकांना मधुमेह असल्याचा पत्ता नव्हता. गोळ्या ते स्कूटरवरून पार कोथरूडला जाऊन आणत, कारण जवळचा मेडिकलवाला मंडळीतलाच.

देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनं सांगितलं. दर दोन घरांआड जो आजार, त्यात लपवण्यासारखं काय? मी त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “सेक्रेटरीसाहेब, मी दर रविवारी आजाऱ्यांची नावं वाचून प्रार्थना करतो. माझं नाव त्या यादीत आलं असतं तर लोक म्हणाले असते, याची स्वतःचीच ऐकली जात नाही.” हसत म्हणाले, पण मला हसू आलं नाही.

पुढचे पंधरा दिवस पाळकगृहात फळांच्या करंड्या येत राहिल्या. मधुमेह्याच्या घरी चिकू आणि द्राक्षं. कुणी कारल्याचा रस सुचवला, कुणी मेथीचे दाणे, आणि सगळ्यांचं एकमत एका वाक्यावर झालं: “पाळकसाहेबांनी तब्येतीकडे लक्ष द्यायला पाहिजे. रोज अर्धा तास चालायला काय हरकत आहे?”

माझं भांडण या वाक्याशी आहे. त्यातला सल्ला बरोबर आहे, कर्ता चुकलाय. आम्ही एका माणसाला पाच वर्षं एकटं ठेवलं, त्याचा दिवस चिंध्यांसारखा वाटून घेतला, त्याला घराघरांत गोड खाऊ घातलं आणि शेवटी त्याच्या पायांना बोल लावला. पाळकाची तब्येत हा पाळकाचा खाजगी मामला नाही. ती मंडळीच्या कारभाराची बाब आहे, छपराच्या गळतीइतकीच. छपराकडे मात्र आम्ही दर जूनच्या आधी बघतो.

मराठीत जवळिकीचं माप हाकेत असतं. आमच्या पाळकांना मंडळीत ‘पाळकसाहेब’, बिशपांच्या पत्रात ‘रेव्हरंड’, घरात ‘अहो’ आणि मुलांच्या तोंडी ‘पप्पा’. पन्नाशीच्या या माणसाला ‘अरे’ म्हणणारं अख्ख्या पुण्यात कुणी नव्हतं. म्हणणारे होते ते संगमनेरला राहिले, एक थोरला भाऊ आणि दोन शाळूसोबती. सेमिनरीतले, म्हणजे पाळकांच्या शिक्षणसंस्थेतले, जिवलग तिघे, ते तीन जिल्ह्यांत. आता हे हाकेचं प्रकरण हळवेपणाचं वाटेल, पण त्याचा थेट संबंध पोटाच्या घेराशी आहे. “अरे, केवढं पोट सुटलंय तुझं, काही लाज?” हे वाक्य फक्त ‘अरे’ म्हणणाराच बोलू शकतो. ‘अहो’वाले आम्ही काय म्हणतो? “पाळकसाहेब, पुण्याचं पाणी मानवलं हं, तब्येत सुधारली!” आपल्या भाषेत वजन वाढण्यालाच तब्येत सुधारणं म्हणतात. पाच वर्षं आम्ही त्यांची तब्येत अशी सुधारत होतो.

आणि तब्येत काही फक्त कमरेला मोजायची नसते. कुणाचा मुलगा पिऊन येतो, कुणाच्या सुनेनं वकील गाठला, कुणाला कर्ज देणारे दारात येऊन बसतात, हे सगळं पाळकाच्या कानात येऊन पडतं आणि तिथंच राहतं. बायकोला सांगावं तर ती गुरुवारी त्याच बायकांबरोबर महिला मंडळात बसणार. तिला माहीत नसलेलंच बरं. बरोबरीच्या पाळकांना सांगावं, तर पुढच्या बदलीत चांगली मंडळी कुणाला मिळणार यावर सगळ्यांची नजर. हे बोलायला वाईट वाटतं, पण जे आहे ते आहे. डॉक्टर डॉक्टरांत बसून बोलतो, वकील कोर्टाच्या कँटीनमध्ये. कॅथलिक फादर निदान पुष्कळदा एका छताखाली तिघं-चौघं राहतात, एका टेबलावर जेवतात आणि पापनिवेदनासाठी त्यांनाही कुणापुढे तरी गुडघे टेकावे लागतात. त्यांचे प्रश्न वेगळे असतील. आमचा पाळक मात्र सगळ्यांचं ऐकतो आणि त्याचं ऐकायला कुणी नाही.

त्यात बदली. तीन वर्षांनी, पाच वर्षांनी सामान बांधायचं. कुठल्या कोपऱ्यावर कुणाशी मैत्री जुळते न जुळते तोच पत्र येतं. निघून गेल्यावर जुन्या मंडळीत ढवळाढवळ नको, म्हणून तिथल्या लोकांशी फार संबंधही ठेवायचे नाहीत, असा अलिखित दंडक. तो दंडक शहाणपणाचा आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. पण त्याची किंमत कोण भरतं, हेही बघायला हवं.

नाताळच्या आठवड्यात मी एकदा त्यांच्याबरोबर घरभेटींना गेलो होतो. घोरपडीपासून वानवडीपर्यंत सतरा घरं. प्रत्येक घरी ताट: करंजी, शंकरपाळी, चकली, घरचा केक. शिवाय चहा. नको म्हटलं की घरच्या बाईंचा चेहरा उतरतो आणि ‘परवा त्यांच्याकडे मात्र घेतलात’ हे तिसऱ्या दिवशी ऐकू येतं. मी सहाव्या घरी हात जोडले. मी सेक्रेटरी, मला चालतं. ते अकरा कप प्याले. एका कपात दोन चमचे साखर धरली तर 22 चमचे, म्हणजे 90 ग्रॅमच्या आसपास, तीही करंज्या सोडून. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेची जी मर्यादा सांगते ती सामान्य माणसाला दिवसाला साधारण 50 ग्रॅम, आणि त्याच्या निम्मी असली तर उत्तम. पुण्याच्या इतिहासात मिशनच्या चहानं एकदा केवढं वादळ उठवलं होतं. 1890 साली पंच हौद या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक-रानड्यांसकट शहरातली बडी मंडळी चहाला बसली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत, प्रायश्चित्तापर्यंत गेलं. आमच्या चहाचं प्रायश्चित्त पाळकाचं स्वादुपिंड घेतंय.

आमच्या मंडळीतले ज्येष्ठ यावर एक हुकमी उदाहरण देतात. नगर जिल्ह्यातले जुने पाळक सायकलवर आठ-आठ गावं फिरत, ज्वारीची भाकरी खात, त्यांना कधी साखर झाली नाही की बीपी. असेलही तसं. पण ते सायकल मारत होते ती व्यायाम म्हणून नव्हे. कामच तसं होतं. आजच्या पाळकाचं काम बसून होतं: स्कूटरवर, खुर्चीवर, दवाखान्याच्या बाकावर, मोबाइलपुढे. लंडनच्या दुमजली बसवर काम करणाऱ्यांचा जेरी मॉरिस या डॉक्टरनं अभ्यास केला आणि 1953 साली छापला. एकच बस, एकाच थरातली माणसं, पण दिवसभर जिना चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी आणि बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त. आपले पाळक दोन पिढ्यांत कंडक्टरचे ड्रायव्हर झाले. भाकरीचा दाखला देणाऱ्यांनी एवढा फरक ध्यानात घ्यावा.

पाळकांच्या तब्येतीवर सगळ्यात चिकाटीनं काम केलं ते अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या डिव्हिनिटी स्कूलनं. नॉर्थ कॅरोलिनातल्या मेथडिस्ट पंथाच्या पाळकांची 2008 साली पाहणी झाली, तेव्हा त्यांच्यातलं लठ्ठपणाचं प्रमाण राज्यातल्या इतर लोकांपेक्षा सुमारे 10 टक्क्यांनी जास्त निघालं. नैराश्यही इतरांपेक्षा जास्त. मग त्यांनी हजाराहून जास्त पाळकांना घेऊन दोन वर्षांचा कार्यक्रम राबवला: वजन, आहार, ताण हाताळायचे वर्ग, फोनवरून पाठपुरावा. 2017 साली निकाल छापला. कमरेचा घेर, रक्तदाब, चरबी या बाबतीत फरक पडला आणि तो टिकला. ताण आणि नैराश्य मात्र जिथल्या तिथं. मला हा निकाल फार बोलका वाटतो. वजन-काट्यानं आणि तक्त्यानं शरीर सुधारतं, पण ज्या कारणानं पाळक रात्री दीडला छताकडे बघत पडतो ते कारण तक्त्यात नसतं. रविवारी संध्याकाळी फोन करून “तुमचं प्रवचन फार लांबलं” असं सांगणारा नॉर्थ कॅरोलिनातही असणार आणि आमच्याकडे तर तो मीच होतो.

कमिटीत हा विषय मी काढला तेव्हा पहिला आक्षेप शास्त्रातूनच आला. संत पौलानं आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहिलंय, शारीरिक कसरतीचा उपयोग थोडाच. लिहिलंय खरं. पण ‘थोडा’ म्हणजे ‘नाही’ असा अर्थ कधीपासून झाला? आणि लिहिणारा माणूस आशियापासून ग्रीसपर्यंत पायी फिरला होता. त्याला कसरतीचं महत्त्व वाटू नये हे साहजिक आहे. त्याच पत्रात पुढे तो तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर उपायही सुचवतो. तेवढं वाचायचं आमचं राहून गेलं.

मला स्वतःला पौलापेक्षा एलीयाची गोष्ट जवळची. बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकात, एकोणिसाव्या अध्यायात. नुकताच कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला हा संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला झापत नाही, विश्वास वाढव म्हणत नाही. आधी झोपू देतो. मग दूत येऊन हलवतो: ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. खाऊन तो पुन्हा झोपतो. पुन्हा उठवून पुन्हा जेवू घालतात, कारण ‘वाट तुला झेपणारी नाही’. मग चाळीस दिवसांची चाल. होरेब डोंगराला पोचल्यावर तो “मी एकटाच उरलोय” ही तक्रार दोनदा करतो, आणि तिथं त्याला एक जोडीदार नेमून दिला जातो, अलीशा. झोप, भाकर, पाणी, चालणं, सोबती. याच क्रमानं. आमच्या पुलपिटवरून ही गोष्ट मी आठ-दहा वेळा ऐकली असेल. ती सांगणारा त्याच झुडपाखाली बसलाय हे कधी डोक्यात आलं नाही.

दुसरा आक्षेप जरा वजनाचा होता. आमचे खजिनदार म्हणाले, “पाळक हा नोकरदार नाही. सेवेला घड्याळ नसतं. सुट्टी, तपासणी, रजा ही भाषा आली की देवाचं पाचारण संपलं.” मला त्यांची भीती कळते. घड्याळ बघून मरणाच्या दारी येणारा पाळक मलाही नको. रात्री ससून रुग्णालयातून फोन आला तर त्यानं निघावं, आणि आमचे निघतातही. पण आठवड्यातला एक दिवस मोकळा ठेवणं ही काही युनियनची मागणी नव्हे, ती दहा आज्ञांतली चौथी आज्ञा आहे. ती मंडळीला शिकवणारा एकटाच माणूस ती दर आठवड्याला मोडतो. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवतात, एमआयडीसीला सुट्टी असते, विजेच्या तारांनासुद्धा हक्काचा दिवस आहे. जलवाहिनीला जी सवलत ती रेव्हरंडांना का नको?

बायबलमधल्या मोशेचा सासरा इथ्रो यानं जावयाला सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवताना पाहिलं आणि तोंडावर सांगितलं की तू करतोस हे बरं नाही, तूही थकशील आणि हे लोकही. कामं वाटून दे: हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. सासरा होता म्हणून बोलू शकला. ‘अहो’ म्हणणाऱ्यांपैकी कुणाची छाती झाली नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की चालणं आणि मैत्री या दोन वेगळ्या शिफारशी म्हणून पाळकाच्या हातात ठेवू नयेत. एकटा माणूस पहाटे उठून आठवडाभर चालतो. पाऊस आला की थांबतो आणि मग थांबतोच. कोपऱ्यावर कुणी वाट बघत असेल तर मात्र उठावं लागतं. प्रौढ माणसानं आठवड्यात निदान दीडशे मिनिटं दम लागेल इतपत हालचाल करावी, असं सांगितलं जातं. पाच दिवस अर्धा तास. तो अर्धा तास कुणाबरोबर, हा खरा प्रश्न. आणि तो कुणीतरी शक्यतो मंडळीतला नसावा. मंडळीतला असला तर तिसऱ्या दिवशी चालता चालता कबरस्थानाच्या भिंतीचा विषय निघतो.

तो मित्र नेमून देता येत नाही, हे मला मान्य आहे. पण जागा करून देता येते. सोमवार खरोखर मोकळा ठेवणं, त्या दिवशीचे फोन सेक्रेटरीनं घेणं. वर्षातून एकदा पाळक आणि पाळकीणबाई दोघांच्या तपासणीचा खर्च अंदाजपत्रकात धरणं. आमच्या अंदाजपत्रकात साउंड सिस्टिमच्या देखभालीची तरतूद होती. ज्याचा आवाज त्यातून यायचा त्याच्यासाठी नव्हती. घरभेटींत पाळकाला चहाऐवजी पाणी दिलं तर अपमान नाही, हे महिला मंडळानं एकदा जाहीर करून टाकणं. हा ठराव सगळ्यात अवघड जाईल, असं माझं मत. शहरातल्या वेगवेगळ्या पंथांच्या पाळकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावं, पण अहवाल आणि अजेंडा घरी ठेवून. वेगळ्या पंथाचा पाळक तुमच्या बदलीच्या रांगेत उभा नसतो, त्यामुळे त्याच्याशी मोकळं बोलता येतं. सेमिनरीत असताना हेच लोक संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळत असत. तेव्हा जाळ्याच्या दोन्ही बाजूंना ‘अरे’च होतं.

हे सगळं जुन्या, कमिटी असलेल्या मंडळ्यांसाठी झालं. पिंपरी, हडपसरकडे भाड्याच्या हॉलमध्ये स्वतंत्र मंडळ्या चालवणाऱ्या पास्टरांची गोष्ट वेगळी. आठवडाभर कंपनीत पाळी, शनिवारी खुर्च्या मांडायच्या, रविवारी उपदेश, आणि भाडं थकलं तर स्वतःच्या खिशातून. त्यांना बदली नाही, पण बिशपही नाही आणि रजाही नाही. त्यांच्यासाठी सोमवारची सुट्टी हा विनोद आहे. अशा पास्टरला तपासणीला नेण्यासाठी शेजारच्या मोठ्या मंडळीनं पुढाकार घेतला तर पंथाचं काय बिघडेल, मला कळत नाही. आणि बाई पाळक असतील तर वर घरचा स्वयंपाक आहेच. त्यांना चालायला जा म्हणणाऱ्यानं आधी पोळ्या कोण लाटणार ते सांगावं.

आमच्या कमिटीत सोमवारचा ठराव दोन बैठकांनंतर पास झाला, एका मताच्या फरकानं. तपासणीचाही झाला. चहाचा पुढे ढकलला, तो अजून ढकललेलाच आहे.

पाळकसाहेबांना मित्र मात्र आमच्या ठरावातून मिळाला नाही. तो पर्वतीच्या पायऱ्यांवर भेटला. बायपास झालेला एसटीचा निवृत्त ड्रायव्हर, गळ्यात तुळशीची माळ, डॉक्टरनं चढायला सांगितलंय म्हणून चढणारा. गाव संगमनेर तालुक्यातलंच निघालं. प्रोटेस्टंट-कॅथलिक हा भेद त्याच्या गावी नाही. तो सरसकट ‘फादर’ म्हणतो. एकदा मी दोघांना खाली उतरताना पाहिलं. पाळकसाहेब कठड्याला टेकून दम खात होते आणि हा वरच्या पायरीवरून ओरडत होता, “चल रे फादर, एवढ्यात बसलास होय!” मी चपापून इकडेतिकडे बघितलं, मंडळीतलं कुणी आहे का. पाळकसाहेब हसत उठले.

गेल्या महिन्यात उंड्रीला धाकट्या भावाच्या नव्या फ्लॅटमध्ये घरभरणीची प्रार्थना ठेवायची होती. भाऊ दोन दिवसांसाठीच आला होता, घाई होती. मी सकाळीच फोन लावला. पाळकीणबाईंनी उचलला.

“ते पर्वतीला गेलेत. फोन इथंच ठेवून जातात हल्ली.”

“मग आले की जरा...”

“सेक्रेटरीसाहेब,” त्या म्हणाल्या, “आज सोमवार आहे.”